‘आय विल पोस्ट यू’ म्हणालीस, मॅडमना काय पोस्टात टाकणार होतीस?

पत्र थोडं छाटून देतेय:

"ताई, नवीन जॉबला लागून सहा महिने झाले. आमच्या मॅनेजर मॅडम सगळं इंग्लिशमध्येच बोलतात. एका व्हेंडरकडून मशीनचा पार्ट यायचा होता, त्यावर त्यांचा मेल आला, ‘कीप मी पोस्टेड’. मी उत्तर दिलं, ‘शुअर मॅम, आय विल पोस्ट यू’. शेजारच्या डेस्कवरचा सिनियर हसत सुटला, का ते सांगितलं नाही. मग आठवडाभर पार्टचं काहीच झालं नाही म्हणून मीही काही कळवलं नाही, मध्ये फक्त व्हेंडरने तारीख दहा दिवस पुढे ढकलून मागितली ती मी आणि सिनियरने ओके करून टाकली. नंतर मीटिंगमध्ये मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या, ‘व्हाय वॉज आय नॉट इन द लूप?’ मला रडूच आलं. तेव्हापासून प्रत्येक मेलला त्यांना सीसीत ठेवते, तर काल म्हणाल्या, ‘यू डोन्ट हॅव टू कॉपी मी ऑन एव्हरीथिंग’. म्हणजे ह्यांना कळवायचं की नाही कळवायचं? पोस्टेड आणि लूप एकच ना? आणि मला त्यांच्याकडून काही हवं असेल तर मी त्यांना ‘कीप मी पोस्टेड’ म्हणू शकते का, की उद्धटपणा होईल? तुझी, ना पोस्टेड ना लूपमध्ये."

अगं, आधी तो सिनियर का हसला ते सांगते, म्हणजे ती टोचणी जाईल आणि पुढचं नीट डोक्यात शिरेल. ‘पोस्ट’ हे क्रियापद, ब्रिटिश इंग्लिशमध्ये तरी, सरळ सरळ टपालाने पाठवणे ह्या अर्थाचं आहे. आय विल पोस्ट द लेटर म्हणजे मी पत्र पोस्टात टाकते. तर आय विल पोस्ट यू म्हणजे, मॅडम, मी तुम्हाला पोस्टात टाकते. तिकीट बिकीट लावून. हसू येण्यासारखं आहे, कबूल, मलाही आलं, पण नुसतं हसायचं आणि का ते सांगायचं नाही हा आगाऊपणा झाला, त्याचा.

आणि तुझी चूक मला फार समजण्यासारखी वाटते, कारण आपल्या बोलण्यात हा शब्द आधीच चार घरी नांदतोय. पत्र पोस्टात टाकतो, ऑफिसात एखादी पोस्ट रिकामी असते, पोस्टिंग लांब कुठेतरी मिळालं म्हणून घरात आठवडाभर तोंडं पडलेली असतात, फेसबुकवर पोस्ट टाकून लाइक मोजत बसतो, आणि आता मॅडम म्हणतायत मला पोस्टेड ठेव, तर माणसाने ह्यातलं नेमकं कुठलं पोस्ट धरायचं? मी स्वतः कित्येक वर्षं टपालवालंच धरून चालले होते, म्हणजे ‘पत्र पाठवत राहा’ असं काहीतरी, आणि तर्काला ते पटतंही. पण त्याचं मूळ निघतं हिशेबाच्या वह्यांमध्ये.

कॉमर्सवाल्यांना लगेच कळेल, बाकीच्यांसाठी सांगते. रोजचे व्यवहार आधी रोजकीर्दीत लिहायचे, तारखेच्या क्रमाने, जसे झाले तसे, आणि मग तिथून उचलून खातेवहीत ज्याच्या त्याच्या खात्यावर उतरवायचे. ह्या उतरवण्याला आपण खतावणी म्हणतो, आणि इंग्लिशमध्ये त्याला म्हणतात पोस्टिंग. खतावणी वेळच्या वेळी झालेली असली की खातं उघडायचं आणि आजची बाकी वाचायची, काम झालं. पण ती चार दिवस तुंबली ना, की खातं फसवायला लागतं, म्हणजे त्यात लिहिलेला प्रत्येक आकडा खरा असतो, फक्त चार दिवसांपूर्वीचा असतो, आणि उघडून बघणाऱ्याला हे कळायला काही मार्ग नसतो. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत लोकांनी हा शब्द वह्यांवरून उचलून माणसांना लावला. ज्याला इथून तिथून सगळं ताजं ठाऊक आहे तो पोस्टेड माणूस.

म्हणजे मॅडम काय म्हणाल्या, तर माझ्या डोक्यात ह्या पार्टचं एक खातं उघडलंय, ते शिळं होऊ देऊ नकोस.

हे एकदा बसलं की ग्रामर आपोआप येतं. खातं कोणाचं, मॅडमचं, म्हणून ‘यू’ मध्ये येणार, आणि ते उतरवून ठेवलेलं असायला हवं म्हणून ‘पोस्टेड’. आय विल कीप यू पोस्टेड. ‘आय विल कीप पोस्टिंग यू’ नाही, ते तर रोज एकदा पोस्टात टाकणं झालं. शंका आली की ‘पोस्टेड’ काढून ‘इन्फॉर्म्ड’ घालून बघ, वाक्य चाललं तर बरोबर. आणि हाच नियम ‘अपडेटेड’ला पण लागतो बरं का, आपण मराठीत ‘मला अपडेट ठेव’ म्हणतो ते मराठीत खपतं, पण इंग्लिश मेलमध्ये ‘कीप मी अपडेट’ लिहिलंस की वाक्य लंगडतं, ‘अपडेटेड’ हवं. ‘स्टे पोस्टेड’ असंही हल्ली दिसतं, लोकांना म्हणायचं असतं ‘स्टे ट्यून्ड’, म्हणजे रेडिओचं स्टेशन बदलू नका, पुढे आहे अजून.

आता तुझ्या आठवड्याकडे येऊ. तू म्हणतेस काही झालं नाही म्हणून काही कळवलं नाही. ही गल्लत मी इतक्या हुशार माणसांना करताना बघितलीय की आता आश्चर्यही वाटत नाही, आणि मीही करायचे. आपल्याला वाटतं कळवायचं म्हणजे काहीतरी घडलेलं कळवायचं. पण ‘कीप’ शब्द आहे ना त्यात, सगळा भार त्याच्यावर आहे. नुसतं ‘लेट मी नो’ म्हणाल्या असत्या तर पार्ट आला की एक मेल, विषय संपला. ‘कीप मी’ म्हटलं की तो एका वेळचा निरोप राहत नाही, मी न विचारता तू सांगत राहायचं असा तो करार होतो. आणि समोरच्याच्या बाजूने बघ ना, आठ दिवस तुझ्याकडून शब्द नाही, तर त्या बाईंना कसं कळावं की काही घडलं नाही म्हणून तू गप्प आहेस, की घडलंय पण तू विसरलीस, की पार बिघडलंय आणि तू घाबरून गप्प बसलीस? तिन्ही गप्प बसणी बाहेरून अगदी सारखी दिसतात.

त्यावर उपाय दोन ओळींचा आहे, खरंच दोनच. ‘नो न्यूज फ्रॉम द व्हेंडर येट. आय विल चेक अगेन ऑन थर्सडे अँड लेट यू नो.’ पहिल्या ओळीत खातं आजच्या तारखेला आणलंस, दुसऱ्या ओळीत पुढची नोंद कधी होणार ते सांगितलंस. ही दुसरी ओळ लोक नेहमी गाळतात, आणि माझ्या मते तीच जास्त कामाची, कारण तिच्यामुळे समोरचा माणूस गुरुवारपर्यंत हा विषय डोक्यातून काढून टाकू शकतो. मॅनेजरला तुझ्याकडून बातमीपेक्षा हीच गोष्ट हवी असते बघ, डोक्यातून काढून टाकायची मुभा.

पण थांब. हे सगळं लिहून झाल्यावर तुझं पत्र मी परत वाचलं आणि त्यात तू एक वाक्य अगदी घाईत सरकवलंयस, "मध्ये फक्त व्हेंडरने तारीख पुढे ढकलून मागितली ती ओके करून टाकली". मध्ये फक्त! अगं सगळी गोम तिथेच आहे. मॅडम चिडल्या त्या आठ दिवसांच्या शांततेवर चिडल्या नाहीत, शांततेवर चिडल्या असत्या तर म्हणाल्या असत्या, मी कीप मी पोस्टेड म्हटलं होतं त्याचं काय झालं. त्यांनी शब्द बदलला, लूप म्हणाल्या. बोलणाऱ्याने शब्द बदलला की कान टवकारायचे.

पोस्टेड आणि लूप एकमेकांना लागून आहेत, डिक्शनरीत दोन्हीसमोर साधारण सारखाच अर्थ सापडेल, आणि रोजच्या बोलण्यात लोक एकाच्या जागी दुसरा वापरतातही. पण कोणी रागात असलं की फरक उघडा पडतो. पोस्टेड म्हणजे घडलेलं वेळेवर कळणं. लूप म्हणजे जिथे ठरतं त्या कड्यात आपण असणं. मराठीत ह्या दोघांना आपण कधीच एक मानत नाही, हे तुझ्या लक्षात आलं नसेल पण तू स्वतः वापरत असशील. पहिल्यासाठी म्हणतो ‘मला कळवत राहा’. दुसऱ्यासाठी म्हणतो ‘मला विश्वासात घेतलं नाही’. घरात लग्न ठरलं आणि काका रुसले, तर काकांची तक्रार काय असते, की मला कळवलं नाही? कळवलेलं असतं की, पत्रिका असते हातात. तक्रार असते मला विश्वासात घेतलं नाही. मॅडमचं तेच होतं. व्हाय वॉज आय नॉट इन द लूप ह्याचं बरोबर मराठी ‘मला का कळवलं नाही’ असं नाहीच, ‘तारीख पुढे ढकलताना मला विचारावंसं का वाटलं नाही’ असं आहे.

हा शब्द असा ठरवण्याच्या जागेशी बांधलेला आहे ह्याचं एक गाजलेलं उदाहरण आहे. अमेरिकेने इराणला गुपचूप शस्त्रं विकल्याचं आणि त्यातला पैसा निकाराग्वातल्या बंडखोरांकडे वळवल्याचं प्रकरण १९८६ च्या शेवटी बाहेर आलं. तेव्हा उपाध्यक्ष होते थोरले जॉर्ज बुश, आणि १९८७ मध्ये ते म्हणाले की आम्ही लूपमध्ये नव्हतो. म्हणजे काय, तर ते ठरवणाऱ्यांत आम्ही नव्हतो, जबाबदारी आमची नाही. एवढ्या मोठ्या प्रकरणात एवढासा शब्द ढाल म्हणून वापरता येतो, कारण लूपच्या बाहेर असणं म्हणजे दोषाच्याही बाहेर असणं. पुढे १९९३ मध्ये त्यांचीच डायरी बाहेर आली आणि त्यात १९८६ ची नोंद निघाली की हे सगळं पूर्ण माहीत असलेल्या मोजक्या लोकांपैकी मी एक आहे, असो, तो वेगळा विषय. आणि आता एआयवाले म्हणतात ना, ‘ह्यूमन इन द लूप’, त्याचाही अर्थ माणसाला मोबाइलवर एक नोटिफिकेशन गेलं असा होत नाही, मशीनचा निर्णय पक्का व्हायच्या आधी तो माणसाच्या हाताखालून जातो असा होतो. आधी. हा ‘आधी’ लक्षात ठेव, बाकी लूपचं काही विसरलीस तरी चालेल. हो, एक ‘द’ पण लक्षात ठेव, कीप मी इन लूप असं लिहिलेलं फार दिसतं, त्यात ‘द’ राहून जातो.

मग सीसीचं काय. त्या दिवसानंतर तू घाबरून प्रत्येक मेलला त्यांना टाकायला लागलीस, आणि तुझ्या मते हे म्हणजे लूपच्या वर लूप. सीसी म्हणजे कार्बन कॉपी, टाइपरायटरमध्ये दोन कागदांच्या मध्ये काळा कार्बन पेपर घालायचे आणि खालच्या कागदावर आपोआप नक्कल उमटायची ती. नक्कल फाइलला लागायची, ती कोणी वाचलीच पाहिजे असं काही नसायचं. तू मॅडमना चाळीस मेलची नक्कल पाठवतेस आणि त्यातली कामाची एक ओळ त्यांनी शोधायची, म्हणजे रोजकीर्दीचं अख्खं बाड टेबलावर आपटलंस आणि म्हणालीस, घ्या, खतावणी तुम्हीच करा. वर मनात असं की आता मला कोणी बोलू शकत नाही, कारण मी तर सांगितलं होतं, बघा सतरा तारखेचा मेल. राग मानू नकोस, पण भीतीने केलेली सीसी बऱ्याचदा दुसऱ्याला माहिती द्यायला नसते, स्वतःला वाचवायला असते, आणि सिनियर लोकांना ते लांबूनच ओळखता येतं. त्यांचं कालचं वाक्य, कॉपी मी ऑन एव्हरीथिंगवालं, ते ‘कळवू नकोस’ म्हणत नाहीये. निवडून कळव, म्हणतंय.

निवडायचं कसं, तर तुझ्या मातृभाषेत आधी विचार कर, इंग्लिश नंतर. मॅडमना हे ‘कानावर घालायचंय’ का? म्हणजे करायचं काही नाही, फक्त माहीत असलेलं बरं. मग ते एफवायआय, फॉर युअर इन्फर्मेशन, एका ओळीत. फक्त कोणाचा तरी मेल नुसता एफवायआय एवढंच लिहून पुढे ढकलू नकोस, ते कोरडं वाटतं, कधी कधी तर ‘हे बघा ह्यांचे प्रताप’ असं वाटतं, का पाठवतेयस ते अर्ध्या वाक्यात लिही. पुढे काहीतरी अडणार आहे आणि ‘आधीच सांगून ठेवायचंय’? मग हेड्सअप. क्रिकेटचा बॉल अंगावर येताना ‘अरे बघ’ म्हणून ओरडतात त्या जातीचा शब्द आहे हा, म्हणजे बॉल लागल्यानंतर दिलेल्या हेड्सअपला काही अर्थ नाही. तुझ्या पार्टची तारीख सरकणार हे कळल्या क्षणी द्यायला हवा होता तो हा. त्यांचं मत हवंय, त्यांच्याशिवाय ठरवलं तर त्या रुसतील? मग लूप. आणि त्या रजेवर होत्या, आल्यावर मधलं सगळं एकदा समजावून सांगायचंय, तर त्याला म्हणतात ब्रिंग अप टू स्पीड, तो एकदाच करायचा प्रकार, चालत्या गाडीत मागून चढणाऱ्याला हात देऊन वर घ्यावं तसा. बाकी सगळं रुटीन चाललेलं, त्यासाठी पोस्टेड.

तुझा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात आवडला, मॅडमना कीप मी पोस्टेड म्हणू का. उद्धट नाही ते. पण आज्ञार्थ आहे हे विसरू नकोस. मराठीत आपल्याला सोय आहे, मॅडमना ‘कळवा’ म्हणताना तुम्ही आपसूक आत बसलेलं असतं, आणि मैत्रिणीला ‘कळव गं’ म्हणताना तू. इंग्लिशमध्ये यू एकच, सगळ्यांना तेच, मग मान ठेवायचा कुठे, तर तो वाक्याच्या बांधणीत ठेवावा लागतो, कुड, वुड, व्हेन यू गेट अ चान्स असल्या शब्दांत. बरोबरीच्या माणसाला किंवा हाताखालच्याला बिनधास्त म्हण कीप मी पोस्टेड. वरच्याला प्लीज लावून चालतं, पण मी तरी ‘कुड यू लेट मी नो वन्स यू हिअर फ्रॉम देम?’ असं लिहीन. आणि थोडा स्वभावाचाही भाग आहे, वरच्या माणसाने सतत आपल्याला कळवत राहावं अशी अपेक्षा ठेवण्यापेक्षा एका ठरावीक गोष्टीसाठी विचारलेलं त्यांना सोपं पडतं.

हे ऑफिसबाहेरही तुला भेटेल, आणि तिथे त्याचा रंग वेगळा असतो. मैत्रिणीचे बाबा हॉस्पिटलमध्ये आहेत आणि तू म्हणालीस कीप मी पोस्टेड, तर तो करार नाही, तू एकटी नाहीयेस असं सांगणं आहे, तिने नाही कळवलं तर तू रुसायचं नाही, उलट तूच फोन करायचा. आणि कधी कधी, हे मला माझ्याच एका परदेशी कलीगमुळे उशिरा कळलं, तो प्रत्येक फोनच्या शेवटी म्हणायचा कीप मी पोस्टेड आणि मी इमानदारीत दर दोन दिवसांनी त्याला मेल लिहायचे, त्याचं उत्तर कधीच नाही. तीन आठवड्यांनी माझी ट्यूब पेटली की अरे, हे तर आपलं ‘बरं, कळव मग’ आहे! फोन ठेवायचा असतो तेव्हा म्हणतो ना आपण, बरं चल, कळव मग, आणि काय कळवायचं हे दोघांनाही माहीत नसतं. ओळखायचं कसं विचारशील तर बघायचं की त्या माणसाचं काही त्या गोष्टीवर अडलंय का. माझ्या त्या कलीगचं काही अडलेलं नव्हतं. तुझ्या मॅडमचं अडलंय, त्या पार्टची तारीख त्यांना पुढे कोणाला तरी सांगायचीय.

तेव्हा उद्या सकाळी सीसी बंद करून एक मेल लिही, फक्त त्यांना. माफीनाम्याचं पुराण नको, एक ओळ पुरे: ‘आय शुड हॅव चेक्ड विथ यू बिफोर अग्रीइंग टू द न्यू डेट.’ ह्यातला ‘बिफोर’ महत्त्वाचा, कारण त्यावरून त्यांना कळेल की तुला लूपचं दुखणं समजलं. सिनियरचं नाव आणू नकोस, तो मिळून ओके म्हणाला असला तरी. मग पार्ट आत्ता कुठे आहे ते एका वाक्यात, आणि शेवटी ‘आय विल कीप यू पोस्टेड एव्हरी थर्सडे, अँड सूनर इफ द डेट मूव्ह्ज’. आणि गुरुवार म्हटलास की गुरुवारीच पाठव, पार्टचं काही कळलेलं असो नसो. शुक्रवारी सकाळी नको.